लवकर येणारं चुकीचं उत्तर : डिरेक्टरी सर्व्हरचा इंडेक्स पुन्हा बांधताना

तक्रार अशी होती की एकच माणूस कधी सापडतो, कधी सापडत नाही. संपर्क शोधायच्या ॲपमध्ये इमेलचा थोडासा भाग टाकायचा, खाली नावं येतात. त्यात काही जुनी माणसं एका क्षणी दिसायची आणि तोच शोध पुन्हा केला की नाहीशी व्हायची. नव्याने रुजू झालेले मात्र न चुकता दिसायचे. ॲपवाल्यांनी आपली कॅशे रिकामी करून पाहिली, ब्राउझर बदलून पाहिले आणि शेवटी तिकीट आमच्या रांगेत आलं.

मागे ३८९ डिरेक्टरी सर्व्हर होता, माणसांच्या आणि खात्यांच्या नोंदी ठेवणारा. एलडीएपी (डिरेक्टरीशी बोलायची प्रमाण पद्धत) ज्या पोर्टवर ऐकतं तोच आकडा या सॉफ्टवेअरचं नाव आहे. मूळ नेटस्केपचा सर्व्हर, तो रेड हॅटने घेतला आणि पुढे २००९ मध्ये हे नाव पडलं. आमच्याकडे त्याचे दोन सप्लायर (बदल स्वीकारणारे सर्व्हर) होते, एकमेकांशी रेप्लिकेशन (एकाचे बदल दुसऱ्याकडे पोचवणं) चालू आणि पुढे शोध दोघांत वाटणारा लोड बॅलन्सर. इथे त्यांना पहिला आणि दुसरा एवढंच म्हणतो. दोन सर्व्हर आणि 'कधी सापडतो, कधी नाही' हे एकत्र ऐकलं की पहिला संशय रेप्लिकेशनवर जातो. तो तपासला. दोन्हीकडे नोंदींची संख्या सारखी होती, एकीकडे केलेला बदल लगेच दुसरीकडे दिसत होता, रेप्लिकेशनच्या स्थितीत काही अडकलेलं नव्हतं.

मग लोड बॅलन्सर बाजूला ठेवून दोन्ही सर्व्हरना थेट एकच प्रश्न विचारला. दुसऱ्याने वेळ घेतला, पण सगळी नावं दिली. पहिल्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं आणि त्यात निम्मीअधिक माणसं नव्हती. ॲक्सेस लॉगमध्ये दुसऱ्याच्या ओळीवर 'नोट्स=ए' असा शेरा होता, म्हणजे इंडेक्स (कुठल्या नोंदीत काय आहे याची आधीच बनवलेली सूची) हाताशी नसल्याने त्याने एकेक नोंद उघडून पाहिली होती. पहिल्याच्या ओळीवर कसलाच शेरा नव्हता. एटाइम (उत्तराला लागलेला वेळ) जवळजवळ शून्य, एरर कोड ०, म्हणजे चूक नाही. लॉग वाचून कुणीही पहिल्याला शाबासकी दिली असती. आमच्या देखरेखीच्या आलेखांवरही तोच गुणी दिसत होता, कारण आलेख वेळ मोजतात, उत्तर बरोबर आहे का ते मोजत नाहीत.

गायब होणाऱ्या माणसाची नोंद पहिल्या सर्व्हरवर खरंच आहे का, हे आधी पक्कं करायचं होतं. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. सबट्रीवर (डिरेक्टरीच्या झाडाच्या अख्ख्या फांदीवर) शोध न घेता थेट त्या माणसाच्या डीएनवर (नोंदीच्या पूर्ण नावावर), बेस स्कोप (फक्त तेवढी एक नोंद) ठेवून, तोच फिल्टर (शोधाची अट) लावायचा. बेस स्कोपमध्ये सर्व्हर नोंद सरळ उचलतो आणि फिल्टर तिच्यावर ताडून पाहतो. त्या ॲट्रिब्यूटच्या (नोंदीतल्या रकान्याच्या, इथे मेलच्या) इंडेक्सकडे जायची त्याला गरजच पडत नाही. नोंद आली. तोच फिल्टर सबट्रीवर लावला की शून्य. म्हणजे माणूस घरात आहे, फक्त यादीत त्याचं नाव नाही.

दुसरा पुरावा जरा गमतीचा होता. डिरेक्टरी मॅनेजर (सर्व्हरचं सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून पत्त्याच्या मधल्या भागातली तीन अक्षरं टाकून शोधलं तर तो माणूस गायब. त्यातलं एक अक्षर कमी करून दोनच टाकली तर हजर! कमी माहिती दिल्यावर शोध सुधारतो हे पाहून शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला वाटलं मी थट्टा करतोय. पण कारण सरळ आहे. अंशतः शोधाचा इंडेक्स तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवर बांधलेला असतो. दोन अक्षरांसाठी त्यात किल्लीच (सूचीतला शोधायचा तुकडा) नसते, म्हणून सर्व्हर इंडेक्स सोडून सगळ्या नोंदी चाळतो आणि खरं उत्तर देतो. तीन अक्षरं मिळाली की तो इंडेक्सवर विश्वास ठेवतो. (हा प्रयोग साध्या खात्याने करू नये. लुकथ्रू मर्यादेची, म्हणजे एका शोधात किती नोंदी चाळायच्या याची, मूळ सेटिंग ५००० आहे. मोठ्या डिरेक्टरीत सर्व्हर एरर ११ देऊन थांबतो आणि आपण भलत्याच दिशेला जातो. डिरेक्टरी मॅनेजरला ही मर्यादा लागू नसते. ॲपच्या खात्याला आम्ही ती कधीकाळी वाढवून दिली होती, म्हणून दुसरा सर्व्हर त्याला हळू का होईना, उत्तर देऊ शकत होता.)

आता दोन्हीकडची इंडेक्सची व्याख्या पाहिली. दुसऱ्यावर मेल ॲट्रिब्यूटला दोनच प्रकार होते, प्रेझेन्स (किंमत आहे की नाही) आणि इक्वालिटी (पूर्ण जुळणी). पहिल्यावर तिसरा, सबस्ट्रिंग (अंशतः जुळणी), जोडलेला होता. कुणीतरी कधीतरी शोध हळू चालतो म्हणून तो जोडला आणि इंडेक्स पुन्हा बांधायचं काम राहून गेलं. व्याख्या बदलली की सर्व्हर त्यानंतर येणाऱ्या किंवा बदलणाऱ्या नोंदींसाठी नव्या प्रकारच्या किल्ल्या लिहू लागतो. आधीच्या नोंदींना तो आपणहून हात लावत नाही. म्हणून नवे लोक दिसत होते. आणि ही सगळी व्याख्या सीएन=कॉन्फिगखाली (सर्व्हरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) असते, जिचं रेप्लिकेशन होत नाही. डेटा दोन्हीकडे एकच, पण तो शोधायची साधनं ज्याची त्याची. इंडेक्सच्या फाइलीही रेप्लिकेशनने जात नाहीत. प्रत्येक सर्व्हर आपल्या आपण बांधतो.

इथे एक निर्णय घ्यावा लागला आणि त्यावर बरीच वादावादी झाली. माझं म्हणणं, पहिल्याला लगेच लोड बॅलन्सरमधून बाहेर काढा.

"अरे, वेगवान सर्व्हर बाहेर काढून सगळा भार त्या रखडणाऱ्यावर टाकायचा? फोन येतील."

"येऊ देत. हळू चालतंय म्हणून फोन आले तर आपल्याला कळतं तरी. माणूस नाहीये असं उत्तर मिळालं तर कुणी फोनही करत नाही, त्याला खरंच वाटतं की नाहीये."

माझ्या डोक्यात संपर्क-यादीपेक्षा दुसरंच काही होतं. त्याच डिरेक्टरीवरून एक स्क्रिप्ट खाती बंद करायची यादी काढते. तिचा फिल्टर नेमका सबस्ट्रिंगचा असता तर? तो नव्हता, इक्वालिटीचा होता आणि इक्वालिटीच्या किल्ल्या शाबूत होत्या. पण हे तपासेपर्यंत हातपाय गार पडले होते. पहिला बाहेर गेला.

बाहेर काढल्यावर त्याला थांबवलं आणि इंडेक्सची फाइलच उघडून पाहिली. आमची आवृत्ती बर्कली डीबी या साठवणीच्या लायब्ररीवरची, म्हणून यूजररूट बॅकएंडच्या (डेटा साठवणाऱ्या भागाच्या) फोल्डरात प्रत्येक ॲट्रिब्यूटची वेगळी फाइल होती आणि सगळ्या नोंदींचा मूळ साठा आयडीटूएंट्री नावाच्या फाइलीत. नव्या आवृत्त्या एलएमडीबी वापरतात, तिथे हे सगळं एकाच मोठ्या फाइलीत असतं, अशा सुट्या फाइली नसतात. डीबीस्कॅन नावाचं साधन मेलच्या फाइलीवर चालवलं की किल्ल्या ओळीने समोर येतात. प्रत्येक किल्लीच्या आधी एक चिन्ह असतं. = म्हणजे इक्वालिटी, + म्हणजे प्रेझेन्स, * म्हणजे सबस्ट्रिंग. एखादा पत्ता 'अनिल'ने सुरू होत असेल तर इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे *ए-एन-आय, *एन-आय-एल अशा किल्ल्या हव्यात आणि अगदी सुरुवातीच्या तुकड्याला आधी ^ हे चिन्ह लागलेलं हवं. गायब होणाऱ्या एका माणसाची = ची किल्ली फाइलीत व्यवस्थित होती. * च्या किल्ल्यांपुढच्या आयडींमध्ये त्याचा आकडा कुठेच नव्हता. नव्या माणसाचा सगळीकडे होता. लॉग आणि आलेख जे सांगत नव्हते ते या फाइलीने उघड सांगितलं.

डीबीस्कॅन सर्व्हर थांबवूनच चालवावा असं माझं मत आहे. चालू सर्व्हरची काही पानं अजून मेमरीतच असू शकतात आणि फाइलीत दिसत नाही म्हणजे नाहीच, असं म्हणता येत नाही.

डीबीव्हेरिफाय हे तपासणीचं साधनही चालवून पाहिलं. सगळं ठीक. यात आश्चर्य नाही; ते फाइलीची रचना तपासतं, पानं एकमेकांशी जुळतात का, किल्ल्या क्रमाने आहेत का. ज्या किल्ल्या कधी लिहिल्याच गेल्या नाहीत त्यांची त्याला काय खबर? इंडेक्स अपुरा असणं आणि इंडेक्स बिघडलेला असणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्या दुखण्यात फाइल धडधाकट असते.

पुन्हा बांधायच्या आधी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती म्हणजे मूळ साठा. इंडेक्स नोंदींवरून बनतो. आयडीटूएंट्रीच फाटलेली असेल तर त्यावरून बांधलेला नवा इंडेक्सही फाटकाच होणार. म्हणून पूर्ण एलडीआयएफ (सगळ्या नोंदी साध्या मजकुरात) एक्स्पोर्ट घेतला. एक्स्पोर्टमध्ये सर्व्हरला प्रत्येक नोंद वाचावी लागते, त्यामुळे बॅकअपबरोबर तपासणीही फुकटात होते. तो कुरकुर न करता पूर्ण झाला आणि संख्या दुसऱ्या सर्व्हरशी जुळली. डेटाबेसचा नेहमीचा बॅकअप वेगळा घेतला; त्यात अपुरा इंडेक्स जसाच्या तसा जातो, पण परत फिरायची वेळ आली तर जिथे होतो तिथे तरी येता येतं. डिस्कवर मोकळी जागा पाहिली. चेंजलॉगची (झालेल्या बदलांच्या वहीची) मुदत पाहिली, कारण पहिला बंद असताना दुसऱ्यावरचे बदल त्याला परत आल्यावर मिळायला हवेत. मुदत अपुरी असेल तर सर्व्हर मुळापासून नव्याने भरावा लागतो.

तोही एक मार्ग होताच, म्हणजे पहिल्याचा सगळा डेटा पुसून दुसऱ्याकडून पूर्ण इनिशियलायझेशन घ्यायचं. त्यात सगळेच इंडेक्स आपोआप नव्याने बांधले जातात. बरेच जण हेच करतात आणि ते चूक नाही. पण एका ॲट्रिब्यूटसाठी अख्खा सर्व्हर रिकामा करायचा आणि तेवढा वेळ एकाच प्रतीवर जगायचं, हे मला पटत नाही. एंट्रीआरडीएन, पॅरेंटआयडी, अँसेस्टरआयडी अशा अंतर्गत इंडेक्सवर संशय असता तर मी बिनतक्रार तो मार्ग धरला असता, कारण झाडाचा आकारच त्यांच्यावर उभा असतो. इथे फक्त मेल होता.

प्रत्यक्ष काम त्यामानाने नीरस. सर्व्हर थांबलेलाच होता. डीएससीटीएल या सर्व्हर सांभाळायच्या साधनाच्या डीबीटूइंडेक्सला बॅकएंडचं नाव दिलं आणि ॲट्रिब्यूट म्हणून फक्त मेल. ॲट्रिब्यूट न देता चालवलं तर ते सगळे इंडेक्स बांधायला घेतं. घाईत हे शेपूट टाकायचं राहतं आणि मग पडद्याकडे बघत बसावं लागतं. ते त्या ॲट्रिब्यूटची जुनी फाइल पुसून नव्याने लिहितं, म्हणून जुन्या, मालक नसलेल्या किल्ल्या असतील तर त्याही जातात. उलट, मध्येच वीज गेली तर हातात अर्धवट इंडेक्स उरतो, आणि पूर्ण होईपर्यंत तो सर्व्हर लोकांसमोर ठेवायचा नाही. एरर लॉगमध्ये दर १००० नोंदींना एक ओळ येत गेली, किती झालं आणि किती टक्के. सुरुवातीला भरभर, मग जरा संथ, शेवटी 'फिनिश्ड इंडेक्सिंग'.

ती ओळ दिसली की मंडळी उठून जातात. मी पुन्हा डीबीस्कॅन लावला. गायब माणसाचा आकडा आता *ए-एन-आय पुढेही होता आणि *एन-आय-एल पुढेही. पण एका माणसावरून सगळ्यांचा निकाल लावणं मला पुरेसं वाटेना, म्हणून एलडीआयएफमधले सगळे मेल पत्ते आणि इंडेक्समधल्या = च्या किल्ल्या अशा दोन याद्या समोरासमोर ठेवल्या. इंडेक्समधल्या किल्ल्या लहान लिपीत आणल्या जातात, म्हणून एलडीआयएफमधले पत्तेही लहान लिपीत आणले. एक्स्पोर्ट ओळी न मोडता घ्यावा लागला, नाहीतर लांब पत्ता दोन ओळींत तुटतो. तरी मूठभर पत्ते जुळेनात. पाहिलं तर एलडीआयएफमध्ये त्यांच्यापुढे एकाऐवजी दोन कोलन होते, म्हणजे किंमत बेस६४मध्ये लिहिलेली. उलगडल्यावर पत्त्याच्या सुरुवातीला एक स्पेस निघाली. कुठल्यातरी जुन्या आयातीतली घाण. इंडेक्स ती स्पेस गाळून टाकतो, म्हणून शोध चालत होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती यादी नोंदी सांभाळणाऱ्यांकडे पाठवली.

सर्व्हर सुरू केला, रेप्लिकेशन भरून येईपर्यंत थांबलो आणि मघाचेच शोध पुन्हा दिले. तीन अक्षरांचं उत्तर आणि दोन अक्षरांचं उत्तर यांची तुलना केली : तीन अक्षरांनी जे जे यायला हवं ते दोन अक्षरांच्या मोठ्या यादीत असलंच पाहिजे आणि त्या यादीतलं जे तीन अक्षरांत बसतं ते सगळं इकडे आलं पाहिजे. आलं. पहिला परत लोड बॅलन्सरमध्ये गेला.

राहिला दुसरा. त्याच्यावर सबस्ट्रिंगचा प्रकारच नव्हता. तो जोडावा का, हा प्रश्न मला वाटतं लोक पुरेसा विचारत नाहीत. सबस्ट्रिंग इंडेक्स महाग असतो. प्रत्येक पत्त्याचे डझनभर तुकडे, प्रत्येक तुकड्याची किल्ली, आणि पत्ता बदलला की त्या सगळ्या किल्ल्यांवर लिहिणं आलं. त्यात मेलची एक खास अडचण. @ च्या पुढचा भाग सगळ्यांचा एकच, म्हणजे डोमेनच्या प्रत्येक तीन अक्षरांच्या किल्लीपुढे डिरेक्टरीतल्या झाडून सगळ्या माणसांचे आकडे. अशी किल्ली शोधाला काही मदत करत नाही, फक्त जागा खाते. डीबीस्कॅनमध्ये त्या किल्ल्यांवर आलो की आकड्यांची रांग संपता संपत नव्हती. पण ॲपला पत्त्याच्या मधला भागही शोधायचा होता आणि ते बदलायला तयार नव्हते. मग जोडणं भाग होतं. दोन सर्व्हर दोन तऱ्हेने वागत ठेवणं त्याहून वाईट.

दुसऱ्यावर काम चालू सर्व्हरवरच करून पाहायचं ठरलं, कारण मला तो मार्गही एकदा डोळ्यांखालून घालायचा होता. डीएसकॉन्फ या सेटिंगच्या साधनाने प्रकार जोडला आणि लगेच रीइंडेक्सचं टास्क दिलं. टास्क म्हणजे सीएन=टास्क्सखाली तयार होणारी एक नोंद; तिच्यात किती झालं ते दिसतं आणि शेवटी एक्झिट कोड येतो, ० असेल तर पूर्ण. ही नोंद काही वेळाने आपोआप नाहीशी होते, म्हणून कोड वेळेत पाहून ठेवलेला बरा. नाहीतर एरर लॉग आहेच. टास्क चालू असताना त्याच बॅकएंडवर सहकाऱ्याने दुसरं टास्क द्यायचा प्रयत्न केला, तर 'आधीच एक काम चालू आहे, मध्ये व्यत्यय आणता येणार नाही' अशा अर्थाचा नकार मिळाला. योग्यच आहे.

चालू सर्व्हरवर बांधण्याची किंमत मात्र लगेच दिसली. बांधणी होत असताना सर्व्हर त्या ॲट्रिब्यूटचा इंडेक्स वापरातून बाजूला ठेवतो, आणि फक्त नवा सबस्ट्रिंगचा भाग नाही, अख्खा मेल. म्हणजे इमेलने लॉगिन करणाऱ्यांचे साधे इक्वालिटीचे शोधही तेवढ्यापुरते सगळ्या नोंदी चाळून होऊ लागले. ॲक्सेस लॉगमध्ये 'नोट्स=ए'ची रांग लागली आणि प्रोसेसरचा आलेख उभा चढला. उत्तरं सगळी बरोबर येत होती, फक्त सावकाश. पहिला आता धड असल्याने दुसऱ्याचं वजन लोड बॅलन्सरवर कमी केलं आणि गर्दी ओसरली. यापुढे लॉगिन ज्या ॲट्रिब्यूटवर चालतं तो मी चालू सर्व्हरवर बांधणार नाही. दोन सर्व्हर असताना एकाला बाजूला घेऊन बंद अवस्थेत बांधणं जास्त सुटसुटीत आणि बहुधा लवकर होणारंही. एकच सर्व्हर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रात्रीची वेळ आणि चालू टास्क हाच व्यवहार्य मार्ग.

टास्क संपलं, कोड ०. दोन्ही सर्व्हरना तेच शोध देऊन उत्तरांच्या याद्या जुळवल्या, जुळल्या. आता दोन्हीकडची इंडेक्सची व्याख्या रोज काढून एकमेकांशी ताडणारी एक छोटी स्क्रिप्ट लावली आहे. तिच्यात आणखी एक तपासणी घातली : काही ठरावीक जुन्या नोंदींवर सबट्रीचा शोध आणि बेस स्कोपचा शोध, एकाच फिल्टरने. दोन उत्तरं वेगळी आली की तिकीट उघडतं. स्पेस असलेले ते मूठभर पत्ते अजून दुरुस्त व्हायचे आहेत.